लाइट आली तरी थांबायचं

न्यू जर्सीत येऊन मला वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तेव्हा काकांनी त्यांच्या बेसमेंटची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून तो डबा तुझा."

डबा म्हणजे त्यांचा बॅकअप सर्व्हर. काका सख्खे नव्हेत, ताईच्या ओळखीचे, मूळ नागपूरचे. एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर आसपासच्या दातांच्या सात-आठ डॉक्टरांचे कॉम्प्युटर सांभाळायचे. प्रत्येक दवाखान्यातल्या एक्स-रेची, अपॉइंटमेंटची एक जादा प्रत रोज या डब्यावर येऊन पडायची. तिकडे काही बिघडलं, तर इथून परत देता यावं एवढ्यासाठी.

मीही नागपूरचा, पण नववी नापास, तेही दोनदा. त्यानंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पंधरा वर्षं स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात काढली, शेवटची काही कॉम्प्युटर उघडण्यात गेली. माझी ताई इकडे नर्स. तिने भावासाठी अर्ज भरला होता. बोलावणं आलं तोवर अर्ज भरल्याचं मी विसरूनही गेलो होतो. एकतिसाव्या वर्षी वेस्ट विंडसरला तिच्या घरी उतरलो. तिथे ज्याला त्याला दोन-दोन डिग्र्या. रविवारच्या बुद्धवंदनेला जमलो की कोणीतरी विचारायचंच, "तुम्ही कुठून केलं इंजिनीअरिंग?" मग मी पाणी प्यायला उठायचो.

एका रविवारी असाच उठलो, तर स्वयंपाकघरात काकू भेटल्या. नागपुरात महापालिकेच्या शाळेत त्यांनी इकडे येईपर्यंत वर्षानुवर्षं शिकवलं होतं. इथे वंदना झाली की मुलांना घेऊन बसायच्या. त्या मराठीत विचारायच्या, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि काकू एका बाजूला पोहे परतत म्हणायच्या, "बरोबर आहे, आता हेच मला समजेल असं सांग."

"पाणी प्यायलास ना? मग आता खरं सांग, कितवीपर्यंत?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

"गणितात उडालास की इंग्रजीत?"

"दोन्हींत."

"मग चांगलं. एकातच उडाला असतास, तर दुसऱ्याचा गर्व झाला असता." त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली. काकांकडची नोकरी मला त्या पोह्यांच्या बशीत मिळाली, असं मी अजून मानतो.

त्या डब्याचं एक दुखणं होतं. आमच्याकडे झाडं फार, तारा झाडांतून जाणाऱ्या. वारं सुटलं की लाइट जायची. लाइट परत आली, तरी सर्व्हर आपणहून उठायचा नाही. जाऊन बटण दाबावं लागे. दाबलं की काळ्या स्क्रीनवर प्रश्न सुरू: डिस्कचा हा तुकडा जुळत नाही, दुरुस्त करू का? हो म्हटलं की पुढचा तुकडा. कधी दहा प्रश्न, कधी दीडशे. मी ताईकडून पंधरा-वीस मिनिटं ड्राइव्ह करून यायचो आणि बेसमेंटच्या गार फरशीवर बसून 'हो'चं बटण दाबत राहायचो. काही चुकलं तर काका काढून टाकतील, ताईचं नाव खराब होईल, हेच डोक्यात. काका कधी आवाज चढवूनही बोलले नव्हते, पण माझी भीती त्यांना विचारून थोडीच यायची.

एकदा काकू जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"कोण कोणाला एवढे प्रश्न विचारतंय?"

"मशीन मला."

"आणि तू काय सांगतोस?"

"हो."

"सगळ्यालाच?"

"नाही म्हटलं तर पुढे जात नाही, काकू."

"अगदी तुझ्यासारखंच की!" त्या हसल्या. "सगळ्यालाच हो म्हणायचंय, तर त्याला शिकवून ठेव. तू कशाला येतोस एवढ्या लांबून? आणि मोजे घाल आधी."

ते मी मनावर घेतलं. लाइट गेली की यूपीएसच्या बॅटरीवर सर्व्हरने नीट बंद व्हावं, लाइट आली की आपोआप चालू व्हावं, डिस्क तपासावी, प्रश्न पडेल तिथे स्वतःच हो म्हणावं आणि मला फोनवर मेसेज पाठवावा. एवढा प्रोग्रॅम लिहायला मला अख्खा उन्हाळा लागला. पुस्तक इंग्रजी. काकू डायनिंग टेबलावर चष्मा लावून एकेक ओळ वाचायच्या, त्यांना इंग्रजी समजायचं, मला मशीन समजायचं. दोघांचं मिळून एक पान व्हायचं.

मेसेज काय ठेवायचा यावर चर्चा झाली. "हजेरी घेताना मुलं काय म्हणतात?" काकू म्हणाल्या. म्हणून सर्व्हर उठला की 'हजर' आणि डिस्कची दुरुस्ती पूर्ण झाली की 'झालं', असे दोन मेसेज ठेवले. इंग्रजी अक्षरांत, कारण फोनला मराठी येत नव्हतं.

आता त्या प्रोग्रॅममधली एक ओळ. माझ्या उस्तादांनी दुकानात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "लाइट आली म्हणून नाचू नको बे. ती येऊन राहिली, जाऊन राहिली. दहा मिनिटं थांब, मग बटण दाब." लोडशेडिंगच्या गावातलं लहान मूलही हे जाणतं. लाइट आली की आधी फ्रिजचं बटण बंद करायला धावायचं. म्हणून मी त्या प्रोग्रॅममध्ये पहिलीच ओळ लिहिली होती: दहा मिनिटं गप्प बस, मग तपासायला घे.

काकांनी प्रोग्रॅम वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "नववी नापास म्हणे! हे माझ्या कंपनीतल्या पोरांना जमलं नसतं." मग त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कशाला?"

मी उस्तादांचं सांगितलं. काका हसले, मायेनेच. "अरे बाबा, ही अमेरिका आहे. इथे लाइट आली म्हणजे आली. आपलं नागपूर का आहे हे?"

समोर बसलेले दोन पाहुणेही हसले. मलाही हसू आलं, थोडी लाजही वाटली. एवढं कौतुक झाल्यावर एका ओळीसाठी काय अडून बसायचं? 'हो' म्हणालो आणि ओळ काढून टाकली.

त्यानंतर वर्षभर सगळं सुरळीत चाललं. लाइट जायची, यायची, माझ्या खिशात 'हजर' वाजायचं, थोड्या वेळाने 'झालं'.

मग काकूंचा आवाज बसला. सर्दी म्हणून सोडून दिलं, मग चहात आलं घालून झालं, मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. स्वरयंत्राचा कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र. जीव वाचण्याची आशा चांगली होती. आवाज मात्र राहणार नव्हता.

त्यांची एकुलती एक मुलगी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि मुलगी होणार हेही कळलं होतं. हॉस्पिटलमधल्या बाईंनी सुचवलं की ऑपरेशनला पाच आठवडे आहेत, जमेल तेवढा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. काकूंनी मला बोलावलं. "माइक वगैरे तुलाच कळतं. शिवाय काकांसमोर मला बोलता येणार नाही. ते रडतात."

मी रोज सकाळी जायचो. खालीच, बेसमेंटमध्ये, कारण तिथे रस्त्याचा आवाज येत नसे. काकू खुर्चीवर, मी फरशीवर. त्यांनी यादी केली होती, शाळेच्या टाचणासारखी. बेपासून तीसपर्यंत पाढे. बाराखडी. स्वतः रचलेल्या गोष्टी. त्यांत एक बेडूक होता आणि तो प्रत्येक गोष्टीत शाळा चुकवायचा. नातवंडाला उठवायचा आवाज वेगळा, जेवायला बोलवायचा वेगळा. एक दिवस सगळा रागावण्यावर गेला.

"गोड आवाज कोणीही काढेल रे," काकू म्हणाल्या. "आजीचा रागावलेला आवाज कुठून आणेल ती पोर? हं, चालू कर. खोटं बोललीस? ये इकडे. ये म्हणते ना!"

मी दचकून सरळ बसलो. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला, आणि तेही रेकॉर्ड झालं.

शेवटी त्यांनी एक गोष्ट केली ती यादीत नव्हती. बाळ पहिल्यांदा मांडीवर येईल तेव्हाचं. "ये गं माझे बाई, ये. उजेडात ये. बघू दे कोणावर गेलीस." एवढंच. आवाज तेव्हा फार घोगरा झाला होता. पण 'उजेडात' म्हणताना त्या जरा वर चढायच्या आणि 'ये'वर हलकेच उतरायच्या, पायरी उतरताना कोणी आपला हात धरावा तसं. त्यांनी ते चार वेळा केलं. चौथ्यांदाचं त्यांना पसंत पडलं.

त्यांचा कॉम्प्युटर जुना, डिस्क लहान. फाइली मोठ्या. तो भरला, तेव्हा मी सगळं उचलून सर्व्हरवर नेलं आणि कॉम्प्युटर रिकामा केला. काकूंनी विचारलं, "नीट राहील ना?"

"काकू, बॅकअपवर आहे. तिथे काही होत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. मी, रोज दुसऱ्यांच्या दातांच्या जादा प्रती सांभाळणारा माणूस. दातांची मूळ प्रत दवाखान्यात होती, आणि म्हणून आमची जादा होती. काकूंच्या आवाजाची तीच पहिली आणि तीच शेवटची. हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या मनात बॅकअप म्हणजे तिजोरी. तिजोरीत ठेवलेल्या वस्तूची आणखी एक वस्तू कोण ठेवतं?

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या. गळ्याला छिद्र, हातात लहान मुलांची मॅजिक स्लेट. छिद्र साफ ठेवायचं यंत्र विजेवर चालायचं. म्हणून जानेवारीत बर्फाचा पाऊस सुरू झाला, झाडांच्या फांद्या काचेसारख्या होऊन तारांवर पडायला लागल्या आणि काकांच्या गल्लीतली लाइट गेली, तेव्हा ताईने वेळ न घालवता दोघांना आमच्याकडे आणलं. आमच्याकडे लाइट होती.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. ताई काकूंचा गळा साफ करत होती, मी चहा टाकला होता, काका खिडकीपाशी. फोन वाजला: 'हजर'.

"काका, आली लाइट! सर्व्हर उठला."

"बघ! म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले. मी फोन काकूंना दाखवला. त्यांनी स्लेटवर लिहिलं, 'शाब्बास', आणि खाली बरोबरची खूण केली, वहीत करतात तशी.

वीस मिनिटांनी पुन्हा 'हजर'. मग अकराला. मग सव्वाअकराला. दर वेळी मी फोन वर धरायचो आणि काकू बोटांनी मोजायच्या, पटावरची मुलं मोजावीत तसं. पाचव्या 'हजर'ला त्यांनी पंजा दाखवला.

चहा ओतताना माझा हात थांबला. 'झालं' एकदाही आलं नव्हतं.

मला तेव्हाच कळलं. कप भरले, साखर ढवळली. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हाच यूपीएसची बॅटरी संपली होती. लाइट येत होती, सर्व्हर उठत होता, क्षणभरही न थांबता डिस्क उघडून दुरुस्तीला बसत होता, आणि दहा मिनिटांच्या आत, अर्ध्या दुरुस्तीतच, त्याच्या पायाखालची वीज जात होती. पुन्हा उठत होता. अर्धवट दुरुस्तीतून झालेल्या नव्या गोंधळाला हो म्हणत होता. हे पुसू का? हो. हे कोणाचंच नाही, काढून टाकू का? हो. मी शिकवलं होतं तसंच करत होता. आणि रस्ते बर्फाने बंद. मी ताईच्या स्वयंपाकघरात उभा राहून फक्त हजेरी ऐकत होतो. ती सात वेळा झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या बेसमेंटमध्ये पोचलो. काकूंचं फोल्डर नव्हतं. त्याच्या जागी एकच कप्पा होता, जिथे मशीन बेवारस तुकडे आकड्यांची नावं देऊन टाकतं. हजारो आकडे. मी दोन आठवडे एकेक उघडून पाहिला, ऐकला. दातांचे फोटो होते. त्यांची काळजीच नव्हती, दवाखान्यांतून सगळे पुन्हा आले. आवाजाच्या जागी नुसती खरखर. पुढे, सगळं कळल्यावर, काकांनी डिस्क वाचवणाऱ्या दोन ठिकाणी पाठवूनही पाहिलं. तिथूनही तेच आलं.

सापडले ते अकरा सेकंद.

सांगायला गेलो तेव्हा काका आणि काकू जेवणाच्या टेबलाशी बसले होते, जिथे आम्ही ते पुस्तक वाचलं होतं. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं सांगितलं, कॉम्प्युटर रिकामा केल्याचंही.

"दुसरी कॉपी नाही?" काकांनी विचारलं. मग पुन्हा, "एकही नाही?"

मी मान हलवली.

"ती थांबायची ओळ," काका म्हणाले, "मीच काढायला लावली."

ते ओरडले असते तर मला सोसलं असतं.

काकूंनी स्लेट पुढे ओढली. 'किती राहिलं?'

मी लॅपटॉप उघडून लावलं. खरखर, मग एकदम स्वच्छ, त्यांचा चांगला आवाज, पहिल्या आठवड्यातला: "मोजे घातलेस का? फरशी बघ किती गार आहे. नंतर मला सर्दी देशील. बरं, हे चालू आहे का रे? अगं बाई, चालूच..." आणि खरखर.

पाच आठवड्यांतलं एवढंच. नातवंडासाठी एक शब्द नाही. सगळं माझ्या पायांबद्दल.

काकूंनी बोट फिरवून पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा काका उठून आत गेले. काकूंचे डोळे वाहत होते, पण हुंदका नव्हता. हुंदक्यालाही स्वरयंत्र लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा येत-जात होती. त्यांनी स्लेट उचलली, काहीतरी लिहिलं, मला दाखवायच्या आधीच वरचा कागद उचलून पुसलं आणि स्लेट पालथी ठेवली. मी घरी गेलो. त्या काय लिहिणार होत्या, हे मी कधी विचारलं नाही.

आठ-दहा दिवस बोलावणं आलं नाही. नोकरी गेली असं धरून ताईला तसं सांगूनही टाकलं. मग काकांचा फोन: "काकू बोलावताहेत. येताना वही आण."

स्लेटवर आधीच लिहिलेलं होतं: 'तू सगळं ऐकलंयस. लिहून काढ.'

"काकू, मला लिहिता कुठे येतं?"

त्यांनी मला आवाजाशिवायही रागावता येतं हे दाखवलं. मी बसलो. गोष्टी आठवल्या, बेडूक आठवला, रागावण्यातली नऊ-दहा वाक्यं आठवली. रोज थोडं लिहायचो, काकू लाल पेनाने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. आज मी ज्या मराठीत हे लिहितो आहे, ती त्या वहीतली आहे. एकेका वाक्याखाली त्या लाल रेघ ओढायच्या आणि समासात लिहायच्या, 'मी असं म्हणाले नव्हते.' मग दोघं बसून तासभर आठवायचो की कसं म्हणाल्या होत्या. शब्द परत यायचे. खाली लाल पेनाने बरोबरची खूण व्हायची. पण त्या खुणेनंतर काकू क्षणभर वहीकडे बघायच्या, आणि मी दुसरीकडे बघायचो.

मे महिन्यात मुलगी बाळाला घेऊन आली. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले. काकूंनी नात मांडीवर घेतली, खिडकीशी सरकल्या, पडदा बाजूला केला. बाळाच्या तोंडावर ऊन आलं. काकूंचे ओठ हलायला लागले.

"आई काय म्हणतेय?" मुलीने विचारलं. "बाबा, काय म्हणतेय ती?"

काकांना कळत नव्हतं. काकूंचे दोन्ही हात बाळाखाली, स्लेट टेबलावर. त्या थांबत नव्हत्या, पुन्हा पुन्हा तेच ओठ. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खोलीत त्या ओठांना ओळखणारा मी एकटा होतो.

मी म्हटलं, "ये गं माझे बाई, ये. उजेडात ये. बघू दे कोणावर गेलीस."

माझ्या जाड्या-भरड्या आवाजाने बाळ दचकलं आणि रडायला लागलं. मुलगीही रडू लागली. काकूंनी डोळे मिटून एकदा मान हलवली. बरोबर म्हणून हलवली, की एवढं पुरे म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

ते अकरा सेकंद मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत. सर्व्हरमध्ये ती ओळ परत घातली, दहाची वीस मिनिटं करून. पुढे नात बोलायला लागली, तेव्हा सुट्टीत आली की तेच वाक्य म्हणायची. वहीतून तिच्या आईने शिकवलेलं, शब्द न् शब्द बरोबर. फक्त सपाट, पाठ म्हणावं तसं. काकू ऐकायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

'उजेडात' म्हणताना आवाज कुठे वर चढायचा आणि 'ये'वर कसा उतरायचा, ते मला अजून स्पष्ट ऐकू येतं. मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे, गाडीत एकटा असताना. मला ते काढता येत नाही.